परत आलेल्या मुलाला काय म्हणायचं?

स्टेशनबाहेर रिक्षात बसून ‘सेटलमेंट’ एवढंच म्हटलं तरी सोलापूरचा रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. बाहेरगावच्या माणसाला ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ ही पाटी वाचून एखादी गृहनिर्माण संस्था असेल असं वाटतं. इथे वाढलेल्यांना ठाऊक असतं की हे नाव पहाऱ्यातून आलं आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कितीतरी जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला नजर ठेवायची होती. दोन्ही साधलं. हजेरी द्यायची, पास घेऊन बाहेर पडायचं, भोंगा झाला की गिरणीत जायचं. ‘फ्री’ म्हणजे कुंपणाबाहेर राहायची परवानगी मिळालेले. पोरांची तऱ्हा आणखी वेगळी. १९२४ च्या कायद्यात सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत टाकायची मुभा सरकारला होती. त्या मुलाने काही केलेलं असायची गरज नव्हती. ते कोणाच्या पोटी आलं एवढं पुरे होतं.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. भटके-विमुक्त आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कुंपण निघालं, पण शब्द राहिला. मी ह्या शहरात बत्तीस वर्षं शिक्षिका होते. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की सगळ्यांची नजर कुठल्या बाकाकडे वळते ते मी पाहिलं आहे. त्या वळणाऱ्या नजरांत माझीही होती. हे लिहिताना जड जातं, पण लिहिल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

मला बोलायचंय ते युद्धात वापरल्या गेलेल्या मुलांबद्दल. आणि माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो आमच्या गल्लीत रात्री शिट्टी वाजवत फिरणाऱ्या नेपाळी काकांमुळे. महिन्याचे पैसे घ्यायला आले की ते दारात दोन मिनिटं टेकतात. एकदा गावाकडचं विचारलं तर भाचीचं सांगू लागले. चौदाव्या वर्षी माओवाद्यांबरोबर गेली, लढाई संपली तेव्हा छावणीत राहिली, आणि मग तिला घरी पाठवलं. ‘उसको अयोग्य बोला, मॅडम.’ बाकीचं सगळं ते हिंदीत सांगत होते. तो एक शब्द त्यांनी नेपाळीत सांगितला आणि मला तो मराठीतच ऐकू आला.

नंतर मी वाचत गेले. नेपाळमधलं यादवी युद्ध १९९६ ते २००६ असं दहा वर्षं चाललं. नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार झाला, माओवादी लढवय्ये छावण्यांत गेले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने एकेकाची पडताळणी केली. २५ मे १९८८ नंतर जन्मलेले, म्हणजे शस्त्रसंधीच्या वेळी अठरा पूर्ण न झालेले, असे २,९७३ जण निघाले. शस्त्रसंधीनंतर भरती झालेले १,०३५ वेगळे. ह्या ४,००८ जणांना कागदोपत्री जो शब्द मिळाला तो ‘अयोग्य’. सैनिक म्हणून गणले जायला अयोग्य, असा त्याचा तांत्रिक अर्थ. खरं तर तो त्यांच्या बाजूचा होता, कारण मुलाला सैनिक मानायचंच नाही हे तत्त्व चांगलं आहे. पण गावात पोचेपर्यंत त्या शब्दाचा आधीचा भाग गळून पडला. उरला नुसता ‘अयोग्य’. छावण्यांत तीनेक वर्षं बसवून २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांना बाहेर काढलं. ‘योग्य’ ठरलेल्या प्रौढांपैकी ज्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यांना पुढे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये मिळाले. ह्यांच्या वाट्याला आलं ते शिवण, दुरुस्ती, किराणा दुकान असल्या प्रशिक्षणांचं आश्वासन, आणि शाळेत परत जायची संधी. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने सातवीच्या बाकावर बसायचं! अनेकांनी ती मदत घेतलीच नाही, ह्याचं मला नवल वाटत नाही.

ब्रँडन कोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेपाळमधल्या १४१ माजी बालसैनिकांची तुलना कधीच भरती न झालेल्या १४१ मुलांशी केली होती. बालसैनिकांची मनःस्थिती वाईट असणार हे उघड आहे. पण त्यांनी युद्धात जे पाहिलं-सोसलं ते हिशेबात धरून वजा केल्यावरही फरक मिटेना, आणि मुलींमध्ये तो जास्तच ठळक होता. बंदुकीच्या पलीकडचं काहीतरी त्यांना खात होतं. जी मुलगी पुरुषांबरोबर रानात राहिली, कोणाच्याही हातचं जेवली, ती बाटली असं मानणारी घरं होती. तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं जाई. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

माझं म्हणणं हे आहे. युद्धातून परत आलेलं मूल सावरतं की नाही हे त्याने तिकडे काय भोगलं ह्यावर जितकं ठरतं, तितकंच, आणि पुष्कळदा जास्त, ते ज्या गल्लीत परततं त्या गल्लीवर ठरतं. त्यामुळे पुनर्वसन हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो, म्हणजे मुलाला कुठेतरी नेऊन दुरुस्त करून आणायचं, तो अर्थच अपुरा आहे. दुरुस्तीचं काम गल्लीतही आहे. आणि ते आपल्याला जमत नाही, जवळच्या मुलांच्या बाबतीतही.

ही मुलं सैनिक कशी होतात ते आधी पाहायला हवं, कारण ‘गेला कशाला?’ हा पहिला प्रश्न असतो. काही पळवली जातात. उत्तर युगांडात लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी ह्या बंडखोर संघटनेने १० ऑक्टोबर १९९६ च्या पहाटे अबोके इथल्या शाळेच्या वसतिगृहातून १३९ मुली नेल्या. सिस्टर राकेले नावाच्या उपमुख्याध्यापिका त्यांच्या मागोमाग रानात गेल्या आणि गयावया करून १०९ मुली सोडवून आणल्या. तीस मागे ठेवाव्या लागल्या. शिक्षिका म्हणून मी ह्या आकड्यापाशी फार वेळ थांबते. त्या काळात गुलूच्या आसपासच्या खेड्यांतली हजारो पोरं रोज संध्याकाळी अंथरूण डोक्यावर घेऊन शहरात चालत यायची, दुकानांच्या पायऱ्यांवर, बस थांब्यांवर झोपायची आणि सकाळी परत जायची. घरी झोपलं तर उचलून नेतील म्हणून. आणि काही मुलं आपणहून गेली असंही दिसतं. भूक, मारलेला बाप, बंद पडलेली शाळा, गणवेशाची भूल, गावात येऊन गाणी म्हणणारी माणसं. ह्याला ‘आपणहून’ म्हणायचं का, हे ज्याने त्याने स्वतःच्या तेराव्या वर्षाची आठवण काढून ठरवावं.

नेल्यानंतर पहिलं काम असतं परतीची वाट तोडायचं. सिएरा लिओनच्या युद्धात, १९९१ ते २००२, बंडखोरांनी मुलांना त्यांच्याच गावात नेऊन, त्यांच्याच ओळखीच्या माणसांवर हात उचलायला लावला. एकदा ते झालं की पळून जायला घर उरत नाही. नशा दिली, नवं नाव दिलं. काहींच्या छातीवर ब्लेडने संघटनेची अक्षरं कोरली, म्हणजे पळालाच तर दुसरी बाजू ओळखून मारेल. युद्ध संपल्यावर डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून ती अक्षरं काढली, निदान पुसट केली. कोरणाऱ्यांना गावाचा स्वभाव नीट कळला होता. एकदा खूण पटली की गाव पुढचं विचारत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आता सावरण्याबद्दल. ह्या विषयावर वाचायला बसले तेव्हा मला वाटलं होतं की नुसता अंधार असेल. तसं नाही. मोझांबिकचं यादवी युद्ध १९७७ ते १९९२ चाललं. रेनामो ह्या बंडखोर संघटनेकडून सुटलेली ३९ मुलं १९८८ साली मापुतोच्या ल्हांगेने केंद्रात आणली होती. वयं सहा ते सोळा. नील बूथबी आणि सहकाऱ्यांनी ह्या मुलांचा सोळा वर्षं, २००४ पर्यंत, माग ठेवला. बहुतेकजण कामधंदा करणारे, बायकापोरं सांभाळणारे, शेजाऱ्यांच्या उपयोगी पडणारे पुरुष झाले होते. आठवणी गेल्या नव्हत्या. वाईट स्वप्नं पडत होती. पण आयुष्य उभं राहिलं होतं. जी मुलं सहा महिन्यांच्या आत सुटली ती लवकर सावरली. ज्यांचं वर्ष किंवा त्याहून जास्त तिकडे गेलं, त्यांना जड गेलं, कारण तोवर ती स्वतःला त्यांच्यातलंच समजायला लागली होती. आणि बरं कशाने वाटलं हे त्यांनी स्वतः सांगितलं, त्यात घरच्यांनी परत घेणं आणि गावाने केलेले शुद्धीचे विधी हे पुन्हा पुन्हा आलं.

विधी म्हटलं की माझ्यासारखी विज्ञान शिकवलेली बाई जरा सावध होते. पण उत्तर युगांडातल्या अचोली लोकांचा एक विधी मला फार शहाणा वाटतो. परत आलेल्या मुलाने घराच्या तोंडाशी ठेवलेल्या कच्च्या अंड्यावर पाय द्यायचा. अंड्याशेजारी दोन गोष्टी असतात. एक, साबणासारखी बुळबुळीत सालीची डहाळी. दुसरी ‘लायिबी’, म्हणजे धान्याची कणगी उघडताना लावायची काठी. डहाळीचा अर्थ, जे अंगाला लागलंय ते धुतलं. काठीचा अर्थ, ह्या घरची कणगी तुला पुन्हा उघडी आहे. आपल्याकडेही लांबून, संकटातून आलेल्या माणसाला एकदम आत घेत नाहीत. दारात थांबवतात, पायांवर पाणी घालतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. लहानपणी मला वाटायचं, हे भुताखेतासाठी करतात. आता वाटतं, ते आतल्या माणसांसाठी असतं. तुकडा टाकला की मग घरातल्या कोणालाही ‘हा कोण, कुठून आला’ असं म्हणायचा हक्क राहत नाही.

ह्यातल्या अडचणीही आहेत. सगळ्यांसाठी एकच विधी पुरत नाही, आणि मुलींसाठी तर तो कधीकधी तोंड बंद करायचं साधन होतो. ‘झालं ना, आता काढू नकोस तो विषय.’ लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीतून परतलेल्या कित्येक मुली कडेवर मूल घेऊन आल्या. त्यांना सेनाधिकाऱ्यांच्या ‘बायका’ म्हणून वाटलं गेलं होतं. मुलीला एकवेळ घरात घेतलं, पण तिच्या मुलाला कोण घेणार? अचोलींमध्ये जमीन बापाच्या कुळाकडून येते. बाप रानातला अधिकारी, म्हणून मुलाला कूळ नाही आणि जमीनही नाही. अंडं फोडून ही गोष्ट सुटत नाही. तिथे कायदा लागतो, सात-बारा लागतो.

सरकारी योजनांनाही मुली दिसल्याच नाहीत. सिएरा लिओनमध्ये शस्त्रं खाली ठेवण्याच्या कार्यक्रमात सहा हजार आठशेच्या वर मुलं नोंदली गेली, त्यांत मुली आठ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याच होत्या म्हणून नव्हे. नोंद करताना बंदूक आणली आहेस का, ती खोलून जोडून दाखव, असं विचारलं जाई. जी रांधत होती, ओझी वाहत होती, निरोप पोचवत होती, रात्री ओरबाडली जात होती, तिच्याजवळ जमा करायला काय होतं? पुढे २००७ च्या पॅरिस तत्त्वांनी व्याख्या रुंद केली. हातात शस्त्र असो वा नसो, सशस्त्र गटाने कोणत्याही कामासाठी वापरलेलं मूल त्यात येतं असं म्हटलं. पण तोवर ह्या मुली आपापल्या वाटेने गुपचूप निघून गेल्या होत्या.

त्याच सिएरा लिओनमध्ये एक गोष्ट मात्र फार नेमकी झाली, आणि शाळेत आयुष्य गेल्यामुळे ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. परतलेल्या मुलाला शाळेत घेतलं की वह्या, खडू, खेळाचं साहित्य असा संच शाळेला मिळायचा, सगळ्या मुलांना वापरायला. मुलाच्या हातात वेगळी मदत दिली असती तर शेजारचा म्हणाला असता, ज्याने आमचं घर जाळलं त्यालाच दप्तर? इथे तो आला म्हणून सगळ्यांना चेंडू मिळाला. थेरेसा बेटनकोर्ट २००२ पासून तिथल्या माजी बालसैनिकांचा अभ्यास करत आल्या आहेत. त्यांच्याही कामातून हेच दिसतं की घराने आणि वस्तीने स्वीकारलं, शाळा चालू राहिली, तर मुलं सावरतात, आणि हिणवणूक चालू राहिली तर युद्ध संपूनही त्यांच्या आत ते संपत नाही.

हे सगळं एका मैत्रिणीला सांगत होते. ती शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, ‘तुझ्या घरातलं माणूस त्यानं मारलं असतं तर?’

ह्या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. ज्या बाईचा मुलगा एका बारा वर्षांच्या पोराने मारला, तिला ‘तोही बळीच आहे’ हे ऐकवणं क्रूरपणाचं आहे. तिला सत्य ऐकायचा हक्क आहे, तिच्या माणसाचं नाव घेतलं जाण्याचा हक्क आहे, भरपाईचा हक्क आहे. तिने माफ करावं अशी अपेक्षा धरायचा मात्र कोणालाही हक्क नाही. पण शिक्षा कोणाला, ह्या प्रश्नावर मी ठाम आहे. सिएरा लिओनसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाला पंधरा ते अठरा वयाच्या मुलांवर खटला चालवता आला असता. सरकारी वकिलांनी तो चालवायचा नाही असं ठरवलं, आणि मुलांना भरती करणाऱ्यांच्या मागे लागले. २००७ मध्ये त्याच न्यायालयाने मुलं सैन्यात घेतल्याबद्दल माणसांना दोषी ठरवलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयात असं पहिल्यांदाच घडलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिलावहिला निकालही ह्याच गुन्ह्यावरचा आहे. काँगोतल्या थॉमस लुबांगाला मार्च २०१२ मध्ये दोषी धरलं. पंधरा वर्षांखालची पोरं लढाईत वापरली म्हणून चौदा वर्षं. ही शिक्षा मला फार थोडी वाटते. तरी बोट योग्य माणसाकडे दाखवलं गेलं.

मला खरं छळतं ते डॉमिनिक ऑंगवेनचं प्रकरण. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीने शाळेच्या वाटेवरून त्याला पळवलं तेव्हा तो साधारण नऊ वर्षांचा होता. त्याच संघटनेत वाढला, मोठा अधिकारी झाला, आणि त्याने इतर मुलांचं तेच केलं जे त्याचं झालं होतं. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी हेगच्या न्यायालयाने त्याला ६१ आरोपांत दोषी ठरवलं आणि मे महिन्यात, त्याचं लहानपण विचारात घेऊन, पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. निकाल मला मान्य आहे. प्रौढपणी केलेल्या कृत्यांसाठी बालपण ही ढाल होऊ शकत नाही. पण मग त्याच्या कुठल्या वाढदिवशी तो आपल्या दयेच्या बाहेर गेला? सतरा वर्षं तीनशे चौसष्ट दिवस झाले तोवर बळी, आणि दुसऱ्या दिवशी गुन्हेगार? कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते हे मला कळतं. माणसांनी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाहायला शिकावं. त्या पहिल्या वर्षभरात कोणी त्याला सोडवलं असतं तर? मोझांबिकच्या त्या मुलांमध्ये सहा महिने आणि एक वर्ष ह्यांत जो फरक पडला, तो ऑंगवेनच्या बाबतीत एकसष्ट गुन्ह्यांएवढा होता.

‘एवढ्या लांबचं आपल्याला काय?’ असंही कोणी म्हणेल. सोलापूरकराने तरी हे म्हणू नये. पाहुणे आले की भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात आपण त्यांना अभिमानाने नेतो. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते दुसऱ्याच्याच लढाईतल्या जखमींसाठी. आणि हे लांबचं आहे तरी कुठे? आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोली आहे. भारतातले माओवादी गट मुलांना सोबत घेतात, ह्याच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत वर्षानुवर्षं होत्या. २०१५ च्या बालन्याय कायद्यात कलम ८३ ह्याचसाठी आहे. अतिरेकी गटाने मुलाला भरती केलं किंवा वापरलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. त्याच कलमाचा दुसरा भाग वाचताना मी थबकले. कोणत्याही प्रौढाने किंवा टोळीने मुलाला बेकायदा कामासाठी वापरलं, तरी हाच गुन्हा आणि हीच शिक्षा.

म्हणजे हे कलम आमच्या सातवीतल्या एका मुलाचंही होतं.

पूर्व भागातला मुलगा. घरात तेलुगू बोलणारी माणसं, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. अंगाने किडकिडीत. तेवढ्यासाठीच गल्लीतल्या दोघा-तिघा मोठ्या माणसांनी त्याला हेरला. बंद पडलेल्या एका गिरणीच्या भिंतीला भगदाड होतं, त्यातून तो आत जाऊ शकायचा. रात्री आत सोडायचा, तांब्याची तार, लोखंडी सुटे भाग, जे हाताला लागेल ते त्याने बाहेर सरकवायचं. खेपेला पन्नास रुपये. एका रात्री पहारेकरी आला, बाहेरची माणसं पळाली, हा आत सापडला. काही आठवडे निरीक्षणगृहात राहून परत आला तेव्हा बरोबरच्या कागदावर तिथला शिक्का होता. कार्यालयात तो कागद मोठ्याने वाचला गेला. मधल्या सुट्टीपर्यंत शाळेभर झालं. मुलं त्याला ‘रिमांड’ म्हणायला लागली. ‘ए रिमांड, बॉल टाक बे.’

मी काय केलं? त्याला माझ्या टेबलासमोर एकट्याला बसवलं. लक्ष राहील म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. दोन पालक भेटायला आले, आमच्या पोराजवळ बसवू नका म्हणाले, आणि मी म्हटलं, नाही बसवलेला. त्याची आई एकदा आली होती. बोटं तंबाखूने पिवळी पडलेली, पदराने तोंड पुसत म्हणाली, ‘त्याला नाव आहे की ओ बाई.’ मी मुलांना रागावले, चार दिवस शब्द बंद झाला, मग पुन्हा सुरू. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. पटावर दोन महिने नाव राहिलं आणि मग लाल शाईची रेघ आली. ती मीच ओढली.

ज्या माणसांनी त्याला भगदाडातून आत ढकललं त्यांना काय झालं? काहीही नाही. ती त्याच गल्लीत पानाच्या टपरीवर उभी असायची, आणि त्यांना कोणी नाव ठेवलं नव्हतं.

काँगोतलं पोर आणि आमच्या शाळेतलं पोर ह्यांना मी एका तराजूत तोलत नाही. एकाने माणसं मरताना पाहिली, दुसऱ्याने तांब्याची तार ओढली. सोसण्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण मोठ्यांनी मुलाला वापरायचं, पकडलं की सोडून पळायचं, आणि उरलेल्या गावाने राग मुलावर काढायचा, ही चाल एकच आहे. हाताशी असलेल्या छोट्या गोष्टीत आपल्याला जे जमत नाही, ते गडचिरोलीच्या रानातून परत आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जमेल असं मानायला मी तयार नाही. तिला घर, शिलाई मशीन, पैसे कदाचित मिळतील. तिच्याशेजारच्या बाकावर कोण बसेल?

आपला कायदा ह्या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे आहे. मुलाला नव्याने सुरुवात करता यावी, त्याच्याबद्दल बोलताना दोष लावणारे शब्द वापरू नयेत, हे बालन्याय कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलेलं तत्त्व आहे. २००७ च्या आदर्श नियमांत तर टाळायच्या शब्दांची यादीच होती. आरोपी, अटक, तुरुंग वगैरे. ‘रिमांड’ हा शब्दही त्या यादीत होता. शिक्षकी पेशात इतकी वर्षं काढली, प्रशिक्षणं केली, निवडणुकीची कामं केली, जनगणना केली. ही यादी मला कोणीही कधी दाखवली नाही. मी ती निवृत्तीनंतर, एका रखवालदाराच्या भाचीमुळे शोधून वाचली.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. मुलाला मोठ्यांनी वापरल्याचं दिसत असेल तिथे पोलिसांनी कलम ८३ लावून त्या मोठ्यांना शोधावं, नुसतं मुलाचं प्रकरण निकालात काढून थांबू नये. मूल शाळेत परत येतं तेव्हा त्या शाळेला काहीतरी मिळावं. एक जादा शिक्षक, खेळाचं साहित्य, महिन्यातून दोनदा येणारे समुपदेशक, आणि ते सगळ्या मुलांसाठी. आणि तो कागद. कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, प्रकरण मिटलं असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी त्याची नोंद सांगायची नाही. मग शाळेच्या कार्यालयात येणाऱ्या कागदावर संस्थेचा शिक्का कशाला हवा? मुख्याध्यापकांच्या नावाने बंद लिफाफा येऊ शकतो. हजेरीपटावर ‘दीर्घ रजेनंतर हजर’ एवढं लिहिता येतं. तापातून उठलेल्या मुलासाठी आम्ही तेच लिहायचो.

ह्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आमच्या भागातल्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना मी ह्याच मागण्यांचं पत्र घेऊन भेटणार आहे, कलमांचे आकडे खाली अधोरेखित करून. एकांनी फोनवर विचारलं, ‘बाई, असं मूल आमच्याकडे आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?’ मी म्हटलं, कोणी नाही सांगितलं, आणि कोणी सांगूही नये, म्हणूनच येतेय.